क्रिप्टो घेताना-विकताना पैसे कुठल्या मार्गानं पाठवायचे? नवीन माणसासाठी सगळं एका जागी

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघतो. दिवसभर एनईएफटी, आरटीजीएस, जीएसटी, पार्टीचं पेमेंट आलं का, हेच चालू असतं. त्यामुळं २०२१ ला पहिल्यांदा क्रिप्टो घेतलं तेव्हा पैसे पाठवण्याच्या भागाकडं मी फार लक्ष दिलंच नाही, सगळं लक्ष कुठलं कॉइन घ्यायचं आणि भाव कधी वाढणार यातच. फटका मात्र पैशाच्या मार्गातच बसला. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर पोरांना घेऊन गेलो होतो, स्टॉलवर स्कॅन केलं तर पेमेंट फेल, परत केलं परत फेल, बायकोच्या फोनवरून दिले आणि घरी येऊन बघतो तर पगाराच्या खात्यावर होल्ड, म्हणजे बँकेनं खातं अडवून ठेवलेलं. कारण पुढं सहाव्या पायरीत सांगतो, ते नीट वाचा.

त्यानंतर ऑफिसातली पोरं, भाचा, शेजारी असे बरेच जण विचारायला लागले की दादा यूपीआय करू का, पीटूपी (थेट दुसऱ्या माणसाशी घेणं-विकणं) करू का, कार्ड चालतंय का. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो. कुठलं कॉइन घ्या हे मी सांगणार नाही, फक्त रुपये आत कसे टाकायचे आणि बाहेर कसे काढायचे एवढंच. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल: दोन रुपये स्वस्त पडणाऱ्या मार्गापेक्षा जिथं पैसा कुणाकडून आला हे कागदावर दाखवता येतं तो मार्ग घ्या.

आणि एक गोंधळ काढून टाकू. आरबीआयचा डिजिटल रुपया म्हणजे ई-रुपया, ज्याचा सामान्य लोकांसाठीचा पायलट १ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, तो वेगळा. ते आपलंच सरकारी चलन आहे, बँकेच्या ॲपमधून मिळतं, त्यात भाव वरखाली होत नाही. इथं बोलतोय ते बिटकॉइन, इथर, यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं कॉइन) वगैरेबद्दल. हे आपल्याकडं कायदेशीर चलन नाही पण घेण्या-विकण्यावर बंदीही नाही, आणि टॅक्स मात्र पक्का आहे.

१. आधी हे जमवून ठेवा

- पॅन, आधारशी लिंक केलेलं. लिंक नसेल तर पॅन निष्क्रिय धरलं जातं आणि मग सगळंच अडतं
- आधार, आणि आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू पाहिजे
- स्वतःच्या एकट्याच्या नावावरचं बचत खातं, नेटबँकिंग चालू असलेलं
- एक ईमेल, जो फक्त यासाठीच वापरायचा
- ऑथेंटिकेटर ॲप, म्हणजे लॉगिनला एसएमएसऐवजी त्यातला कोड
- एक्सेल शीट किंवा साधी वही

यातल्या बँक खात्याबद्दल थोडं जास्त बोलतो कारण आपल्याकडं सगळ्यात जास्त लोक इथंच अडकतात. सोलापुरात कित्येक घरांचं मुख्य खातं पतसंस्थेत असतं, पिग्मी तिथं, ठेव तिथं, आणि माणूस त्यालाच बँक म्हणतो. पतसंस्था ही बँक नाही, तिथल्या खात्याला स्वतःचा आयएफएससी नसतो, त्यामुळं ते एक्स्चेंजला, म्हणजे क्रिप्टो घ्यायच्या-विकायच्या ॲपला, जोडता येत नाही. नागरी सहकारी बँकेचं खातं चालू शकतं पण त्या बँकेचं आयएमपीएस नीट चालतं का, नेटबँकिंग आहे का, ते आधी बघा.

दुसरं म्हणजे नाव. आपल्याकडं तेलुगू आणि कन्नड घरं भरपूर, आणि नावाचं स्पेलिंग प्रत्येक कागदावर वेगळं. माझ्या शेजारच्या पोराचं आधारवर नाव एका स्पेलिंगनं, पॅनवर आडनाव आधी, बँकेत वडिलांचं नाव मधे आणि आडनाव शेवटी. केवायसी तीन वेळा रिजेक्ट झालं. शेवटी त्यानं आधी बँकेत जाऊन पॅनप्रमाणं नाव करून घेतलं, मग झालं. तुम्ही हे आधीच करा, एक्स्चेंजच्या कस्टमर केअरला ईमेल पाठवत बसण्यात आठवडे जातात.

पगाराचं खातं यासाठी वापरू नका. वेगळं खातं उघडा, त्यात लागेल तेवढेच पैसे ठेवा. मी हे केलं नव्हतं, आणि दोन ईएमआय चुकले.

२. एक्स्चेंज कसं निवडायचं

मार्च २०२३ पासून क्रिप्टोची सेवा देणाऱ्या कंपन्या मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आल्या, म्हणजे त्यांना एफआययू इंडियाकडं (संशयास्पद पैशांच्या व्यवहारांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) नोंदणी करावी लागते आणि तुमचं केवायसी ठेवावं लागतं. २८ डिसेंबर २०२३ ला नोंदणी न केलेल्या नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा गेल्या, बिनान्स, कूकॉइन, क्रॅकेन अशी मोठी नावं त्यात होती, आणि जानेवारी २०२४ मधे त्यांची ॲप भारतातल्या ॲप स्टोअरमधून निघाली. नंतर बिनान्स आणि कूकॉइननं नोंदणी केली. त्या काळात ज्यांचे पैसे तिकडं होते त्यांची किती धावपळ झाली ते मी ऑफिसात बघितलंय. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा, एफआययू नोंदणी आहे का. कंपनी स्वतः म्हणते तेवढ्यावर जाऊ नका, दुसरीकडून खात्री करा.

दुसरा प्रश्न, रुपये थेट बँकेतून घेतं का आणि रुपये थेट बँकेत देतं का. काही ठिकाणी फक्त पीटूपी असतं. नवीन माणसानं अशा ठिकाणापासून सुरुवात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि सगळं तिथंच साठवून ठेवू नका. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्सवर हल्ला झाला, सुमारे २३ कोटी डॉलरचं क्रिप्टो गेलं आणि त्यानंतर कित्येक महिने लोकांचे पैसे अडकून पडले. ते भारतातलं नावाजलेलं एक्स्चेंज होतं.

३. केवायसी आणि खातं जोडणं

ॲप प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमधूनच घ्या, व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाईल कधीच टाकू नका, पाठवणारा ओळखीचा असला तरी. पॅन, आधार, सेल्फी, झालं. मग बँक खातं टाकलं की ते १ रुपया पाठवून बघतात, त्यात बँकेत नोंदवलेलं नाव त्यांना दिसतं, ते पॅनशी जुळलं की खातं मंजूर. जॉइंट खातं असेल तर पहिलं नाव दुसऱ्याचं दिसतं आणि इथंच अडकतं. बायकोचं खातं, वडिलांचं खातं, मित्राचं खातं, काहीही चालत नाही आणि चालवायचा प्रयत्नही करू नका.

खातं जोडल्यावर लगेच ऑथेंटिकेटर चालू करा. त्याचा बॅकअप कोड कागदावर लिहून कपाटात ठेवा, फोनमधे फोटो काढून नाही.

४. पैसे आत टाकायचे मार्ग, एकेक करून

हा या लेखाचा मुख्य भाग आहे, सावकाश वाचा.

यूपीआय. सगळ्यांना हेच पाहिजे असतं कारण हाताशी आहे. पण इथं एक इतिहास आहे. एप्रिल २०२२ मधे एका मोठ्या परदेशी एक्स्चेंजनं भारतात यूपीआयसकट सुरुवात केली, आणि लगेच एनपीसीआयनं, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेनं, जाहीर केलं की कुठलंही क्रिप्टो एक्स्चेंज यूपीआय वापरतंय याची आम्हाला माहिती नाही. थोड्याच दिवसांत तिथलं यूपीआय बंद झालं. तेव्हापासून हा मार्ग कधी चालू कधी बंद असाच आहे. आज दिसतोय म्हणून महिन्यानं दिसेल असं नाही. साधारण मर्यादा दिवसाला १ लाखाची, आणि नवीन फोनवर किंवा नवीन यूपीआय चालू केलं की सुरुवातीला ५,००० चीच असते, त्यामुळं नवीन फोन घेतलेल्या दिवशी पेमेंट जात नाही म्हणून घाबरू नका. चालू असेल तर छोट्या रकमेला चांगलं. पण ज्या यूपीआय आयडीवर पाठवताय तो ॲपच्या आत दिसतोय तोच पाहिजे. कुणी टेलिग्रामवर "आमचा डिपॉझिटचा नंबर" म्हणून क्यूआर दिला तर तो चोर आहे, शंकाच नको.

आयएमपीएस. माझा रोजचा मार्ग हाच. चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही, काही मिनिटांत जमा. मर्यादा ५ लाखांपर्यंत, पण तुमची बँक त्याहून कमी ठेवू शकते. बँकेप्रमाणं काही रुपये आणि वर जीएसटी लागतो, काही बँका घेत नाहीत. एक्स्चेंज तुम्हाला एक खाते क्रमांक आणि आयएफएससी देतं, तो बेनिफिशरी म्हणून ॲड करायचा. बऱ्याच बँकांत नवीन बेनिफिशरीला पहिल्या दिवशी थोडीच रक्कम जाते, म्हणून भाव पडलाय आणि आत्ताच घ्यायचंय अशा घाईत ॲड करायला बसू नका, चार दिवस आधीच करून ठेवा.

आयएमपीएसची एक अडचण म्हणजे कधी कधी पैसे खात्यातून कापले जातात आणि तिकडं दिसत नाहीत. अशा वेळी परत पाठवू नका! यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक घ्या, तो स्टेटमेंटमधे असतो, एक्स्चेंजच्या सपोर्टला तो द्या. बहुतेक वेळा जमा तरी होतात नाहीतर परत तरी येतात. माझ्या भाच्यानं घाबरून तीन वेळा पाठवले होते, तिन्ही जमा झाले, आणि कॉलेजची फी भरायची म्हणून ठेवलेले पैसे आत जाऊन बसले.

एनईएफटी. १६ डिसेंबर २०१९ पासून हेही चोवीस तास चालतं, दर अर्ध्या तासाला बॅच जाते. बचत खात्यातून ऑनलाइन केलं तर चार्ज लागत नाही. लोक याला जुनाट समजतात पण मला विचाराल तर घाई नसेल तेव्हा हाच सगळ्यात शांत मार्ग, फुकट आहे, स्टेटमेंटवर पाठवणारा आणि घेणारा स्वच्छ दिसतो. एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएसला पैसे पाठवायच्या आधी समोरच्याचं खात्यावरचं नाव बघता येतं, ते नक्की बघा. एक्स्चेंजच्या कंपनीऐवजी कुणा माणसाचं किंवा भलत्याच ट्रेडर्सचं नाव दिसलं तर तिथंच थांबा.

आरटीजीएस. किमान २ लाख लागतात. नवीन माणसाला याची गरजच नाही, आणि पहिल्या वर्षात लागली तर स्वतःला दोनदा विचारा.

कार्ड. क्रेडिट कार्डनं क्रिप्टो घेऊ नका. पुष्कळ बँका असे व्यवहार नाकारतात, परदेशी साइटवर गेलाच तर परकीय चलनाचं मार्कअप साडेतीन टक्क्यांपर्यंत आणि त्यावर जीएसटी, साइटची स्वतःची फी वेगळी. आणि बिल वेळेत भरलं नाही तर व्याज. ज्या वस्तूचा भाव एका दिवसात दहा टक्के पडू शकतो ती उधारीवर घ्यायची नसते. डेबिट कार्डही परदेशी साइटवर देऊ नका, बँकेच्या ॲपमधे आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद करून ठेवा.

पेपाल आणि तसली पाकिटं. इंग्रजी लेखांत पहिला पर्याय पेपालच असतो म्हणून सांगतो, भारतातल्या पेपालनं १ एप्रिल २०२१ पासून देशातल्या देशातलं पेमेंट बंद केलंय. ते परदेशातून कामाचे पैसे घेण्यासाठी. "पेपाल बॅलन्स द्या, यूएसडीटी घ्या" म्हणणाऱ्यापासून लांब राहा, पेपालचं पेमेंट नंतर उलटवता येतं आणि क्रिप्टो गेलेलं परत येत नाही.

रोख. ओळखीच्या ओळखीनं कुणीतरी भेटतो, पार्क चौकात चहा प्यायला बोलावतो, रोख घ्या आणि कॉइन द्या म्हणतो. नाही म्हणा. नोटा खोट्या निघण्यापासून ते मारहाणीपर्यंत काहीही होऊ शकतं, आणि पैसे कुठून आले याचा एकही कागद तुमच्याकडं राहत नाही.

बँकेच्या शाखेत कुणी म्हणालं की क्रिप्टोला आरबीआयची बंदी आहे, तर शांतपणे सांगा. ६ एप्रिल २०१८ चं ते सर्क्युलर सुप्रीम कोर्टानं ४ मार्च २०२० ला रद्द केलंय, आणि ३१ मे २०२१ ला आरबीआयनंच बँकांना कळवलं की ते सर्क्युलर दाखवून ग्राहकांना अडवू नका. तरीही बँक तुम्हाला व्यवहाराबद्दल विचारू शकते, तिचं ते कामच आहे, खरं ते सांगा.

५. स्वस्त कुठलं ते असं काढा

जाहिरातीत "झिरो फी" लिहिलेलं असतं. फीकडं नंतर बघा, आधी खरेदीचा भाव आणि विक्रीचा भाव एकाच मिनिटाला शेजारी लिहा. समजा यूएसडीटी घ्यायला ९२ आणि विकायला ८९ दाखवतंय, म्हणजे घेतल्या घेतल्या विकलं तरी तीन रुपये गेले, सव्वातीन टक्के. ही त्यांची लपलेली फी. दुसरीकडं फी अर्धा टक्का असेल पण दोन भावांत तीस पैशांचाच फरक असेल तर ते स्वस्त.

फीवर १८ टक्के जीएसटी असतो. १०,००० च्या खरेदीवर अर्धा टक्का म्हणजे ५० रुपये, जीएसटी ९, एकूण ५९. शिवाय पैसे बाहेर काढायची फी असते का आणि कॉइन दुसऱ्या वॉलेटला पाठवायची किती, ते घ्यायच्या आधी बघा. मी पहिल्यांदा ५०० रुपये टाकून, थोडं घेऊन, विकून, बँकेत परत आणून बघितलं होतं. किती आले ते लिहून ठेवलं. जाण्यायेण्याचा खरा खर्च असा एका फेरीत कळतो आणि पैसे बाहेर येतात की नाही तेही कळतं, हे दुसरं जास्त महत्त्वाचं.

६. पीटूपी, आणि माझ्या खात्याचं काय झालं

पीटूपी म्हणजे तुम्ही आणि दुसरा माणूस, मधे प्लॅटफॉर्म. विकणाऱ्याचं कॉइन प्लॅटफॉर्म धरून ठेवतं, घेणारा रुपये थेट विकणाऱ्याच्या बँकेत पाठवतो, विकणारा "मिळाले" म्हणतो, कॉइन सुटतं. दिसायला फार सोपं. भावही चांगला मिळतो. इथं कॉइन प्लॅटफॉर्म सांभाळतं पण रुपयांकडं कुणी बघत नाही, ते कुठून आले हे कुणी तपासत नाही.

मी यूएसडीटी विकत होतो. मित्र म्हणाला, "काय विचार करालास बे, बाजारापेक्षा दोन रुपये जास्त देऊलालाय की तो, दे विकून." दिले. १४,२०० रुपये आले, पाठवणाऱ्याचं नाव चॅटमधल्या नावापेक्षा वेगळं होतं, त्यानं "भावाचं खातं आहे" असं लिहिलं, मी कॉइन सोडून दिलं. दीड महिन्यानं होल्ड. शाखेत गेल्यावर कळलं की दुसऱ्या राज्यात कुणाचीतरी ऑनलाइन फसवणूक झाली होती, त्या माणसाचे पैसे चार-पाच खात्यांतून फिरून त्यातले १४,२०० माझ्याकडं आले होते. मी चोर नव्हतो, पण पैसा चोरीचा होता, आणि ज्याचा गेला तो कुणीतरी साधा माणूसच असणार, हे आजही मनात येतं. अडीच महिने लागले.

म्हणून पीटूपी करायचंच असेल तर हे नियम माझ्या अनुभवातून:

- पैसे पाठवणाऱ्याचं बँकेतलं नाव आणि प्लॅटफॉर्मवरचं केवायसी नाव अक्षर न् अक्षर जुळलंच पाहिजे. भाऊ, बायको, दुकान, काही ऐकायचं नाही. वेगळं आलं तर कॉइन सोडू नका, चॅटमधेच लिहा की त्याच खात्यावर परत पाठवतो, आणि प्लॅटफॉर्मकडं अपील टाका
- बाजारभावापेक्षा बराच जास्त देणारा नको. कुणी उगाच जास्त देत नाही
- स्क्रीनशॉट आणि एसएमएसवर विश्वास नाही, बँकेचं ॲप उघडून बॅलन्स बघायचा
- पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला की तुमचे जाणार
- बोलणं प्लॅटफॉर्मच्या चॅटमधेच, व्हॉट्सॲपवर जायचं नाही, कारण पुढं पुरावा म्हणून तीच चॅट लागते
- रिमार्कमधे "मेडिकल", "उसने" असं खोटं लिहायला कुणी सांगितलं तर नाही म्हणा. नंतर पोलिसांसमोर तेच वाक्य तुमच्या विरोधात जातं
- समोरच्याचे शेकडो व्यवहार पूर्ण झालेले असावेत, कालचं खातं नको

आणि पोरांना हात जोडून सांगतो, होस्टेलवर, कॉलेजच्या कट्ट्यावर कुणी म्हणालं की तुझं खातं दे, यूपीआय दे, महिन्याला अमुक हजार देतो, फक्त पैसे येतील आणि पुढं पाठवायचे, तर ते खातं भाड्यानं देणं म्हणजे गुन्ह्यात भागीदारी आहे. पैसे ज्याच्या खात्यातून फिरले तोच पोलिसांना आधी सापडतो. यंत्रमागावर आणि विड्या वळून ज्या आईवडिलांनी शिकवलं त्यांच्या दारात दुसऱ्या राज्याचे पोलीस येतात, हे मी एका घरात बघितलंय.

७. विकून रुपये बाहेर काढताना

थेट एक्स्चेंजला विकलं की रुपये तिथल्या वॉलेटमधे येतात आणि तिथून जोडलेल्या बँकेत. पैसे कंपनीच्या खात्यातून येतात, त्यामुळं स्टेटमेंटवर एकच ओळखीचं नाव. दोन रुपये भाव कमी मिळतो, मी आता आनंदानं घेतो.

१ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस कापला जातो, फायदा असो नसो. एक्स्चेंज ते कापून तुमच्या पॅनवर भरतं. काही परदेशी प्लॅटफॉर्मवर पीटूपीत हे कापलं जात नाही, तिथं कायद्यानं ती जबाबदारी खरेदी करणाऱ्यावर येते, म्हणजे तुम्ही घेणारे असाल तर तुमच्यावर. वर्षाच्या मर्यादा आहेत, ५०,००० किंवा १०,००० अशा, तुम्ही कुठल्यात बसता ते सीएला विचारा.

फायद्यावर ३० टक्के टॅक्स आणि त्यावर ४ टक्के सेस. यातून फक्त खरेदीची किंमत वजा होते, बाकी खर्च नाही. १०,००० ला घेतलं, ११,००० ला विकलं, फायदा १,०००. टॅक्स ३००, सेस १२, झाले ३१२. टीडीएस ११० आधीच गेलाय तो यात धरला जातो, उरलेले २०२ भरायचे. अर्धा टक्का फी दोन्ही वेळची जीएसटीसकट साधारण १२४. म्हणजे हजारातले हातात ५६४.

आणि सगळ्यात कडू गोष्ट, एका कॉइनमधे ५,००० कमावले आणि दुसऱ्यात ५,००० घालवले तर हिशोब शून्य होत नाही. कमावलेल्यावर १,५६० भरायचेच, तोटा पुढच्या वर्षीही नेता येत नाही. पगाराच्या टॅक्समधून तर नाहीच नाही.

८. कॉइन देऊन कॉइन घेणं

रुपयात आलंच नाही तर टॅक्स कसला, असं बऱ्याच जणांना वाटतं. बिटकॉइन देऊन इथर घेतलं तरी ती विक्रीच धरतात, त्या दिवसाच्या रुपयातल्या किमतीवर, टीडीएससकट. म्हणून दिवसातून दहा वेळा इकडचं तिकडं करण्याआधी गणित करा.

दुसऱ्या वॉलेटला पाठवताना नेटवर्क जुळवा. नेटवर्क म्हणजे कॉइन ज्या ब्लॉकचेनवरून जातं ती, आणि यूएसडीटी अनेक नेटवर्कवर असतं. ट्रॉनचा पत्ता इंग्रजी टी अक्षरानं सुरू होतो, इथेरियमचा शून्य-एक्सनं, आणि बीएनबी चेनचाही शून्य-एक्सनंच, त्यामुळं या दोघांत पत्ता बघून चूक लक्षात येत नाही, नेटवर्कचं नावच वाचावं लागतं. पत्ता कॉपी-पेस्ट करा, पहिली आणि शेवटची पाच-सहा अक्षरं मोठ्यानं वाचा, आधी अगदी थोडं पाठवा, पोचलं की मग बाकीचं. चुकीच्या जागी गेलं तर परत आणून द्यायला इथं शाखा व्यवस्थापक नाही.

९. वहीत काय लिहायचं

तारीख, काय घेतलं किंवा विकलं, किती, कुठल्या भावानं, फी, टीडीएस, यूटीआर नंबर. पीटूपी असेल तर ऑर्डर नंबर, समोरच्याचं नाव आणि चॅटचे स्क्रीनशॉट. दर महिन्याला एक्स्चेंजचं स्टेटमेंट उतरवून घ्या, ॲप बंद पडलं तर तेच हातात राहतं. माझं खातं सुटलं ते जपून ठेवलेल्या स्क्रीनशॉटमुळंच.

१०. अडकलात तर

फसवणूक झाली असेल तर पहिला फोन १९३०. तासाभरात केला तर पैसे पुढं जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार, तिचा नंबर जपून ठेवा. लाज वाटून घरी बसू नका, बरेच जण बसतात.

उलट तुमच्याच खात्यावर होल्ड आला असेल तर शाखेत लेखी अर्ज द्या आणि तीन गोष्टी लेखी मागा: तक्रार क्रमांक, कुठल्या राज्यातलं कुठलं पोलीस स्टेशन, आणि नेमकी किती रक्कम. आधी पूर्ण खातं बंद केलं असेल तर तेवढीच वादातली रक्कम धरून बाकीचं मोकळं करा अशी विनंती करा, माझं अशाच अर्जानंतर आधी पगाराचं मोकळं झालं आणि १४,२०० तेवढे अडकून राहिले. त्या पोलीस स्टेशनच्या अधिकृत ईमेलवर ऑर्डरची प्रत, चॅट, बँक स्टेटमेंट, पॅन-आधार आणि एका पानात सरळ हकीकत पाठवा. आपल्या सायबर पोलिसांनाही एकदा भेटा, कुठं काय पाठवायचं ते मला तिथंच नीट कळलं. फोनवर कुणी "अमुक पैसे भरा, होल्ड काढतो" म्हणालं तर तो नवा चोर, पोलीस असं करत नाहीत.

उत्तर लगेच येत नाही. दर आठवड्याला त्याच ईमेलच्या धाग्यात आठवण करा, नवीन ईमेल सुरू करू नका, म्हणजे तारखा एका जागी दिसतात. मी सोमवारी सकाळी कारखान्यात जायच्या आधी पाठवायचो, नवव्या सोमवारी उत्तर आलं.

रिटर्न भरताना क्रिप्टोसाठी व्हीडीए नावाचं वेगळं शेड्यूल असतं, ते आयटीआर २ किंवा ३ मधे, साध्या आयटीआर १ मधे नाही. भरण्याआधी पोर्टलवर एआयएस (आयकर खात्याकडं तुमच्या पॅनवर नोंदलेल्या व्यवहारांचा उतारा) उघडून कापलेला टीडीएस दिसतो का बघा, वहीतल्या आकड्याशी जुळवा. जुळत नसेल तर जुलैच्या आधीच एक्स्चेंजला कळवा, शेवटच्या आठवड्यात त्यांच्याकडून उत्तर येत नाही.